स्पॅनिश लोकनृत्यांच्या लयी आणि वाद्यवृंद-संगीत : युरोप ते गोवा-मुंबई – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांच्याबरोबरच गाणे, नाच आणि ठेका यांनाही स्थान असते. मात्र लिखित साधनांवर भर देणाऱ्या इतिहासलेखनात लोकनृत्याची लय बहुधा निसटून जाते, कारण ती कागदावर नव्हे तर पायांत आणि हातांत जिवंत राहते. अशी लय जेव्हा मोठ्या वाद्यवृंदात प्रवेश करते तेव्हा ती प्रथमच लिहिली जाते, छापली जाते आणि तिच्यावर कोणाचे तरी नाव लागते. हे नाव कोणाचे असते, हा प्रश्न संगीताचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

स्पेनमधील होता, फांदांगो, सेगिदिया, बोलेरो आणि क्यूबामार्गे आलेली हाबानेरा या नृत्यांच्या लयींनी एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील युरोपीय वाद्यवृंद-संगीतावर खोल ठसा उमटविला. या लयींचा दूरचा प्रवास गोमंतकीय वादकांच्या हातून मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत झाला आणि त्यातील एक महत्त्वाचा दुवा आपल्या गोदाकाठचाच आहे. आधुनिक वाद्यवृंदाची लय हिंदी चित्रपटात रुजविणारे संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ साली गोदावरीकाठच्या पुणतांबे येथे झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. देवगाव रंगारीच्या परिसरातील अभ्यासकाला स्पेनचा विषय परका वाटण्याचे कारण नाही, असे म्हणण्यास हा एक दुवाही पुरेसा आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. स्पॅनिश लोकनृत्यांच्या लयींची घडण आपल्या मात्रा-विभागांच्या परिभाषेत समजून घेणे, हे पहिले. या लयी वाद्यवृंदात कोणत्या वाटांनी आल्या आणि पुढे गोवा-मुंबईपर्यंत कशा पोहोचल्या याचा मागोवा घेणे, हे दुसरे. या प्रवासात मूळ लोककलावंत आणि मधले संयोजक यांना मिळालेल्या अथवा न मिळालेल्या श्रेयाचे परीक्षण करणे, हे तिसरे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून चित्रपटसंगीतापुरता विचार प्रामुख्याने १९४७ ते १९६० या काळाचा केला आहे.

लोकनृत्यांचे मात्रागणित

स्पेन हा एकजिनसी सांस्कृतिक प्रदेश नाही. आरागॉन प्रांताचा ‘होता’ हा जलद तिहेरी लयीचा नाच. त्यात गिटार, बांदुरिया आणि तळहातात धरून वाजवायच्या लाकडी कॅस्टनेट यांचा साथसंगतीला वापर होतो. ‘फांदांगो’ हाही तिहेरी चालीचा, परंतु अंदालुसियापासून आस्तुरियासपर्यंत त्याची रूपे बदलत जातात. ‘सेगिदिया’ कास्तील व ला मांचाच्या मैदानी भागातून आलेली. ‘बोलेरो’ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. त्याचीही चाल तिहेरीच, पण संथ व ठाशीव. याच नावाचा क्यूबाचा बोलेरो दुहेरी चालीचा असून तो निराळा प्रकार आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या लयींचे खरे वैशिष्ट्य सहा मात्रांच्या दुहेरी वाटणीत आहे. सहा मात्रा ३+३ अशा मोजल्या तर दोन मोठे आघात येतात, आणि २+२+२ अशा मोजल्या तर तीन. आपला दादरा ३+३ या विभागणीने चालतो, हे सर्वज्ञात आहे. स्पॅनिश नर्तक मात्र एकदा ३+३ आणि लगेच २+२+२ असे वजन बदलतो. ग्वाहिरा आणि पेतेनेरा या प्रकारांत हा बदल नियमाने आळीपाळीने येतो. त्यातून ३+३+२+२+२ अशी बारा मात्रांची साखळी तयार होते.

अंदालुसियातील फ्लामेंको परंपरेत अशा लयचक्राला ‘कोम्पास’ म्हणतात. सोलेआ या प्रकारात १ ते १२ मोजताना आघात ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर पडतात. आपल्या एकतालातही मात्रा बाराच. परंतु एकतालाचे विभाग दोन-दोन मात्रांचे व समान असतात आणि सम पहिल्या मात्रेवर येते. सोलेआचे विभाग असमान आहेत आणि त्याची ओढ बाराव्या मात्रेकडे असते. मात्रांची संख्या सारखी असली तरी तालाचे व्यक्तिमत्त्व सारखे असत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

हाबानेरा ही चौथी गोष्ट. हवाना शहराच्या नावावरून ओळखली जाणारी ही लय क्यूबात घडली. युरोपातील कॉन्त्रादान्सा हा सामूहिक नाच तेथे गेला, आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या वादनाने त्याचे वजन बदलले आणि तो पुन्हा स्पेनला परतला. आठ सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात १, ४, ५ आणि ७ या ठिकाणी आघात, अशी तिची रचना आहे. यातील पाचवा आघात गाळला तर १, ४, ७ हे आघात उरतात, म्हणजे ३+३+२ ही वाटणी मिळते. पुढे रुंबा व इतर लॅटिन अमेरिकी नृत्यांत हीच वाटणी वारंवार भेटते. स्पेनमध्ये अशा गीतप्रकारांना ‘जाण्या-येण्याची गाणी’ या अर्थाचे नाव आहे, ते अत्यंत समर्पक म्हणावे लागेल.

वाद्यवृंदातील प्रवेश : परदेशी संगीतकारांची वाट

स्पॅनिश लय युरोपीय दरबारी रंगभूमीवर अठराव्या शतकातच दिसू लागली. ग्लूकच्या ‘डॉन जुआन’ (१७६१) या नृत्यनाट्यात फांदांगो आहे आणि मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ (१७८६) या संगीतिकेच्या तिसऱ्या अंकातही तो आढळतो. परंतु तेथे तो स्थळनिदर्शक अलंकार होता, म्हणजे कथा स्पेनमध्ये घडते हे सांगण्याची खूण.

हे चित्र एका रशियन संगीतकाराने बदलले. मिखाईल ग्लिंका १८४५ ते १८४७ या काळात स्पेनमध्ये राहिला, तेथील गिटारवादकांना ऐकले आणि आरागॉनच्या होतावर आधारित वाद्यवृंद-रचना १८४५ मध्ये केली. लोकनृत्य येथे प्रथमच संपूर्ण रचनेचा पाया झाले. फ्रेंच संगीतकार शाब्रिए याने १८८२ मध्ये स्पेनभर प्रवास करून नर्तकांच्या लयी टिपून घेतल्या आणि त्यांतून ‘एस्पान्या’ ही रचना उभी केली. तिचा पहिला प्रयोग १८८३ मध्ये पॅरिसला झाला.

याच्या नेमके उलट उदाहरण बिझेचे आहे. त्याने स्पेन कधीही पाहिला नाही. तरीही ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये सादर झालेली त्याची ‘कार्मेन’ ही संगीतिका आजही जगाच्या दृष्टीने स्पेनचे प्रतिनिधित्व करते. तीमधील सुप्रसिद्ध हाबानेरा बिझेने लोकगीत समजून घेतली होती. प्रत्यक्षात ती सेबास्तियान इरादिएर या बास्क प्रदेशातील संगीतकाराची रचना होती. इरादिएर १८६५ मध्येच निवर्तला होता. ही बाब उघड झाल्यावर बिझेने छापील संहितेत मूळ रचनेचा उल्लेख केला. एखादी चाल लोकांच्या तोंडी इतकी रुळावी की तिचा कर्ताच विस्मरणात जावा, हे लोकसंगीताचे वैभव आहे, आणि कर्त्यावरील अन्यायही.

रिम्स्की-कोर्साकोव्ह याच्या ‘स्पॅनिश काप्रिचिओ’ (१८८७) या रचनेत आस्तुरियासच्या चाली व फांदांगो आहे. या चाली त्याने होसे इन्सेंगा याच्या छापील लोकगीतसंग्रहातून घेतल्या. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली तांत्रिक आहे. एका ठिकाणी तंतुवाद्ये गज बाजूला ठेवून गिटारप्रमाणे छेडावीत अशी सूचना त्याने संहितेत दिली. लोकवाद्य वाद्यवृंदात न आणता त्याचा गुणधर्म दुसऱ्या वाद्यांकडून काढून घेण्याची ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. दुसरी गोष्ट नैतिक स्वरूपाची आहे. तालमीच्या वेळी वादकांनी या रचनेचे टाळ्या वाजवून स्वागत केले, तेव्हा संगीतकाराने ती त्याच वाद्यवृंदाला अर्पण केली आणि वादकांची नावे संहितेवर छापविली. वाद्यवृंदाच्या इतिहासात असा प्रसंग विरळा.

या मालिकेचा कळस म्हणजे रावेल याचा ‘बोलेरो’. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहात नर्तिका इदा रुबिनस्टाइन हिच्यासाठी तो प्रथम सादर झाला. साइड ड्रमवर दोन आवर्तनांचा एकच ठेका १६९ वेळा येतो आणि त्यावर दोन चाली वाद्ये बदलत पुन:पुन्हा येतात. आपल्याकडे नगमा कायम ठेवून तबलावादक त्यावर विस्तार करतो. रावेलने नेमके उलटे केले. ठेका अचल ठेवला आणि त्यावरचा रंग बदलत नेला. लेहरा ऐकण्याची सवय असलेल्या भारतीय श्रोत्याला ही रचना चटकन जवळची वाटते, याचे कारण कदाचित हेच असावे.

स्पेनचा स्वतःचा आवाज : पेद्रेल आणि फाया

परक्यांनी रंगविलेल्या या स्पेनला खुद्द स्पेनमधील संगीतकारांनी उत्तर दिले. फेलिपे पेद्रेल या संशोधकाने लोकगीतांचे संकलन हे राष्ट्रीय संगीताचे पहिले काम मानले. त्याच्या विचारांचा प्रभाव आल्बेनिस, ग्रानादोस आणि मान्वेल दे फाया या तिघांवरही पडला.

कादिस येथे १८७६ साली जन्मलेल्या फायाच्या ‘तिकोनी टोपी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग २२ जुलै १९१९ रोजी लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात दियागिलेव्हच्या बॅले मंडळीने केला. नृत्यरचना मासीनची आणि नेपथ्य पिकासोचे होते. शेजाऱ्यांसाठी सेगिदिया, गिरणीवाल्यासाठी फारुका, त्याच्या पत्नीसाठी फांदांगो आणि अखेरीस सर्वांचा होता, अशी लयींची पात्रनिहाय वाटणी फायाने केली. प्रत्येक पात्राला त्याच्या प्रदेशाची व स्वभावाची लय मिळाली. लोकनृत्य आता अलंकार उरले नाही, ते नाट्याची भाषा झाले. १९२२ मध्ये फाया आणि कवी लोर्का यांच्या पुढाकाराने ग्रॅनडा येथे ‘कांते होंदो’ या पुरातन गायनप्रकाराची स्पर्धा भरविण्यात आली. धंदेवाईक गायकांऐवजी गावागावांतील अज्ञात गायकांना पुढे आणणे हा तिचा हेतू होता.

या गौरवशाली अध्यायाला एक काळी किनार आहे. मासीनला फ्लामेंको शिकविणारा फेलिक्स फेर्नांदेस हा तरुण अंदालुसियन नर्तक मंडळीबरोबर लंडनला आला होता. प्रमुख भूमिका आपल्याला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. ती मासीनने स्वतः केली. १९१९ मध्येच फेलिक्सचे मानसिक संतुलन ढळले. त्याला इंग्लंडमधील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९४१ मध्ये तो तेथेच मरण पावला. ज्याच्या पायांतून ती लय युरोपच्या सर्वांत प्रतिष्ठित रंगमंचावर पोहोचली, त्याला तो रंगमंच मिळाला नाही.

भारतीय उगमाचा दावा : एक परीक्षण

फ्लामेंकोचा उगम भारतात आहे, तो कथकचाच वंशज आहे, असे विधान आपल्याकडे लेखांतून व व्याख्यानांतून वारंवार केले जाते. त्याला काही आधार निश्चित आहे. फ्लामेंकोच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या खितानो, म्हणजे रोमा समाजाची मूळ भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. स्पेनच्या भूमीवर त्यांचा पहिला लेखी उल्लेख १४२५ सालच्या आरागॉनच्या राजाच्या परवान्यात आढळतो.

परंतु यावरून थेट निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. रोमा समाजाचे पूर्वज भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी बाहेर पडले. फ्लामेंकोला आजचे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर अंदालुसियात आले, आणि त्यात स्थानिक लोकगीते, अरबी-मूर परंपरा, ज्यू परंपरा व क्यूबाहून आलेल्या लयी यांचाही वाटा आहे. दुसऱ्या बाजूने, कथकचे आजचे रूपही लखनौ व जयपूरच्या दरबारांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घडले. दोन्ही टोके अर्वाचीन असताना त्यांच्यात थेट वंशसंबंध जोडणे कठीण आहे. पायांचे आघात, बारा मात्रा आणि चक्राकार आवर्तन ही साम्ये लक्षणीय आहेत, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. भारताशी असलेला स्पॅनिश लयींचा खरा व कागदोपत्री दाखविता येण्याजोगा संबंध शोधायचा तर राजस्थानच्या वाळवंटाऐवजी गोव्याच्या किनाऱ्याकडे पाहावे लागते.

गोमंतकाचा दुवा

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगाल व स्पेन यांचे राजमुकुट एकाच राजघराण्याकडे होते. तरीही गोव्यात स्पॅनिश लय या राजकीय एकत्रीकरणातून आली असे म्हणता येणार नाही. गोव्याला खरी देणगी मिळाली ती वेगळीच. चर्चशी संलग्न शाळांमध्ये मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकविले जाई. गायनवृंदाच्या प्रमुखाच्या, म्हणजे ‘मेस्त्रे’च्या, हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या वादक तयार झाले. कागदावरची लय पाहताक्षणी वाजविण्याची ही क्षमता पुढे मुंबईत निर्णायक ठरली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सासष्टीतील ख्रिस्ती समाजात ‘मांडो’ हा गीतनृत्यप्रकार बहरला. तो सहा मात्रांच्या संथ चालीत बांधला जातो आणि व्हायोलिनबरोबर घुमट हे मातीचे वाद्य साथीला असते. मांडोनंतर जलद चालीचा ‘दुलपोद’ येतो. मांडोची वेशभूषा व पदन्यास युरोपीय दिवाणखान्यातील नृत्यांशी नाते सांगतात, तर शब्द, भाव व घुमटाचा नाद कोकणी मातीचा आहे. मांडो हा स्पॅनिश नाच नव्हे. परंतु सहा मात्रांच्या चालीशी गोमंतकीय कानाची ओळख त्याने पक्की केली. तमाशातील ढोलकी जशी मराठी मनाच्या ओळखीची, तसा घुमट गोमंतकीयांच्या ओळखीचा, आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले.

या सांस्कृतिक नात्याची एक भाषिक खूणही आहे. स्पॅनिशमधील ‘कोम्पास’ आणि पोर्तुगीजमधील ‘कोंपासो’ हे एकाच मुळाचे शब्द. कोकणीत त्याचे ‘कुंपास’ झाले आणि त्याचा अर्थ लय असाच राहिला. ट्रंपेटवादक क्रिस पेरी व गायिका लोर्ना यांच्या जीवनावरून प्रेरित, राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘नाचुंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थच ‘चला, लयीवर नाचू या’ असा आहे. अंदालुसियाचा नर्तक आणि गोव्याचा वादक लयीसाठी एकाच घराण्यातला शब्द वापरतात, ही बाब अनेक तर्कांपेक्षा बोलकी आहे.

मुंबई : नृत्यगृहातून ध्वनिमुद्रण कक्षाकडे

उपजीविकेसाठी गोमंतकीय वादक एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला येत होते. धोबीतलावच्या परिसरात गावनिहाय ‘कूड’ म्हणजे सामाईक निवासस्थाने उभी राहिली. पोलीस बँड, मूकपटांची चित्रपटगृहे आणि नंतर ताजमहालसारख्या हॉटेलांतील नृत्यगृहे येथे त्यांना काम मिळाले. १९३० नंतर जगभर रुंबाची लाट आली. स्पेनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला झेवियर कुगात, लंडनचा एडमंडो रोस यांच्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका दूरदूर पोहोचल्या. मुंबईच्या नृत्यगृहांत रुंबा, टँगो, सांबा, पासो दोब्ले या नृत्यांची मागणी होऊ लागली आणि गोमंतकीय वादक ती पुरवू लागले.

याच सुमारास चित्रपटसंगीतात चितळकरांचा उदय झाला. त्यांचे शिक्षण हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे होते, तरी नव्या लयींचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील त्यांच्या पाश्चात्त्य थाटाच्या गाण्याने खळबळ उडवून दिली. ‘समाधी’ (१९५०) मधील एका लोकप्रिय गाण्याचे ‘डॉल फेस’ (१९४५) या हॉलीवूड चित्रपटातील लॅटिन धाटणीच्या गाण्याशी असलेले साम्य प्रसिद्धच आहे. भगवानदादांच्या ‘अलबेला’ने (१९५१) या प्रयोगाला सर्वमान्यता मिळवून दिली.

या यशात त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट, म्हणजे १९१६ साली जन्मलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’तील एका नृत्यगीताच्या दृश्यात त्यांचा बँड लॅटिन धाटणीच्या झालरदार पोशाखात पडद्यावरही दिसतो. त्यांच्या बँडमध्ये वाजविणारे पारशी तालवादक कावस लॉर्ड यांनी बोंगोसारखी लॅटिन वाद्ये चित्रपटसंगीतात रूढ केली. त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर यांनी हे काम पुढे नेले.

ही लय मराठी-हिंदी श्रोत्यांना इतक्या सहज कशी रुचली? याचे उत्तर मात्रागणितात आहे. आपला केरवा आठ मात्रांचा, ४+४ अशा विभागांचा. हाबानेरा व रुंबा यांच्यातील ३+३+२ ही वाटणीही आठच मात्रांची. तबला-ढोलकवादक आपला ठेका न सोडता वाजवीत राहिला आणि बोंगो अथवा गिटारने १, ४, ७ या मात्रा उचलल्या, तर समेवर दोघे हमखास भेटतात. दोघांपैकी कोणालाही आपली चाल सोडावी लागत नाही. बारा मात्रांचा असमान कोम्पास मात्र असा सहज मिसळत नाही. म्हणूनच आपल्या चित्रपटसंगीतात क्यूबामार्गे आलेली दुहेरी लय रुळली आणि अस्सल अंदालुसियन बारा मात्रांचे चक्र फारसे रुजले नाही. आपण ज्याला ढोबळपणे ‘स्पॅनिश ढंग’ म्हणतो तो बहुतांशी लॅटिन अमेरिकी आहे, हा भेद येथे स्पष्ट होतो.

श्रेयाचा प्रश्न

त्या काळातील बहुतेक भारतीय संगीतकार सरगमाच्या आधारे चाली बांधत. पन्नास व्हायोलिनवादकांच्या ताफ्याला मात्र पाश्चात्त्य स्वरलेखनातील कागद लागे. हे भाषांतर करणारा तो ‘अरेंजर’, म्हणजे वाद्यवृंद-संयोजक. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये बँड चालविणारे सेबास्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ हे काम केले. त्याच ताफ्यात दत्ताराम वाडकर यांच्या ढोलकच्या ठेक्याला ‘दत्ताराम ठेका’ असे नावच पडले. वादकांच्या जगात नाव मिळणे आणि श्रेयनामावलीत नाव येणे या मात्र दोन भिन्न गोष्टी होत्या. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे बहुधा नसतच.

गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांनी या स्थितीला निराळ्या मार्गाने उत्तर दिले. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. शंभराहून अधिक वादकांबरोबर लता मंगेशकर व मन्ना डे यांचा त्यात सहभाग होता. राग सारंगवर आधारलेली त्यांची व्हायोलिन व वाद्यवृंदासाठीची रचना म्हणजे ग्लिंका-फाया यांनी स्पेनसाठी केलेल्या कामाचे भारतीय रूप होय. पण अशा प्रयत्नांना सातत्याने आश्रय देणारी व्यवस्था तेव्हा येथे नव्हती. गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यामुळे. हे गाणे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांची गुरुवंदना होती, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रेगरी बूथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस (२०१२) यांच्या ग्रंथांनी अशा वादकांची नावे प्रथमच व्यवस्थित नोंदविली, परंतु तोवर चिक चॉकलेट (निधन १९६७) यांच्यासारखे कित्येक जण काळाच्या पडद्याआड गेले होते.

युरोपातील उदाहरणे समोर ठेवली तर श्रेयाच्या बाबतीत तीन आदर्श दिसतात. चूक कळताच इरादिएरची नोंद करणारा बिझे, वादकांची नावे छापणारा रिम्स्की-कोर्साकोव्ह, आणि फेलिक्स फेर्नांदेसचे ज्ञान घेऊन त्याला मागे सोडणारी बॅले मंडळी. आपल्या चित्रपटसंगीताचा बराचसा इतिहास या तिसऱ्या उदाहरणाच्या जवळ जातो, ही खेदाची गोष्ट आहे. यात एखाद्या संगीतकाराला दोषी ठरविण्याचा हेतू नाही. चाल सुचणे हे स्वतंत्र प्रतिभेचे काम आहेच. दोष आहे तो केवळ एका नावाभोवती इतिहास लिहिण्याच्या सवयीचा.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. स्पॅनिश लोकनृत्यांची लय वाद्यवृंदात प्रथम स्थळनिदर्शक अलंकार म्हणून आली. ग्लिंकापासून फायापर्यंतच्या काळात ती रचनेचा पाया व नाट्याची भाषा झाली.

२. फ्लामेंको व भारतीय नृत्यांतील साम्ये खरी असली तरी थेट वंशसंबंधाचा दावा उपलब्ध कालक्रमाशी जुळत नाही.

३. महाराष्ट्रातील श्रोत्यांपर्यंत या लयी क्यूबा, लंडन-अमेरिकेच्या ध्वनिमुद्रिका, मुंबईची नृत्यगृहे आणि गोमंतकीय वादक या मार्गाने आल्या. केरवा आणि ३+३+२ या वाटणीतील जुळणीमुळे त्यांचा स्वीकार सुलभ झाला.

४. या प्रवासातील संयोजक व तालवादक यांच्या योगदानाची नोंद दीर्घकाळ झाली नाही आणि त्यामुळे संगीताचा इतिहास एकांगी राहिला.

या निष्कर्षांचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे. मराठवाड्यातील गोंधळ्यांचा संबळ, पोतराजाची हलगी, वाघ्या-मुरळीची दिमडी आणि भजनी मंडळातील पखवाज यांच्या लयी आज लग्नातील बँड आणि बँजो पार्टी यांच्या वाद्यमेळात मिसळत आहेत. जत्रेतल्या फलकावर ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द रुळला आहे, पण त्यात वाजणाऱ्या ठेक्यांची नोंद कोणाकडेही नाही. पेद्रेलने स्पेनमध्ये संकलनाचा पाया घातला नसता तर फायाची उंची शक्य झाली नसती. आपल्याकडेही हेमा राईरकर व गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या, गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे यांसह संकलित करून असे काम शक्य आहे हे दाखवून दिले आहे.

तालवाद्यांच्या बाबतीत असे काम व्हावयाचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व संगीत या विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्यातील संबळ-हलगीवादकांचे ठेके ध्वनिमुद्रित करावेत, मात्रांत लिहून ठेवावेत आणि प्रत्येक नोंदीवर वादकाचे नाव, गाव व त्याच्या गुरूचे नाव लिहावे. उद्या एखाद्या प्रतिभावंताने हलगीची लय मोठ्या वाद्यवृंदात नेली, तर ती कोणाच्या हातांतून आली हे सांगणारा पुरावा आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असला पाहिजे.